डोळ्यांखालचे अकरा

बायका डोळ्यांखालची काळी वर्तुळं जावीत म्हणून बटाट्याच्या चकत्या ठेवतात, काकडी ठेवतात, फ्रीजमधले चमचे ठेवतात. मी तीन वर्षं ती यावीत म्हणून झटले. डोळे चोळून बघितले, रडून बघितलं, रात्री उशी काढून पालथी झोपून बघितलं. काही नाही. छत्तीस वर्षांची झाले तरी डोळ्यांखालची कातडी कॉलेजातल्या पोरीसारखी, आणि लोक मला नशीबवान म्हणायचे. म्हणोत बापडे.

मी त्रिशला मगदूम. माहेर सांगली, सासरही सांगली. परवापरवापर्यंत एका मोठ्या हॉस्पिटलात भूल विभागात तंत्रज्ञ होते. भूल देतात डॉक्टर. पण हल्ली एक भूलतज्ज्ञ एका वेळी चार थिएटरं सांभाळतात, आणि प्रत्येक थिएटरात पेशंटच्या डोक्याशी माझ्यासारखी एकजण बसलेली असते. तिनं पेशंटचा श्वास बघायचा. यंत्रं असतात हो, पाच-सहा पडदे असतात. पण नळी जराशी सरकली, ओठांचा रंग किंचित बदलला, हे यंत्र बोंबलायच्या आधी बघणाऱ्या माणसाला कळतं. चौदा वर्षं मी ते काम केलं. मला ते फार चांगलं यायचं. स्वयंपाक येतो, गाडी येते, पण ते काम मला जसं यायचं तसं दुसरं काही येत नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगतेय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या थिएटरच्या दाराशी आरसा बसला.

आरसा हे आमचं नाव. कागदावर त्याला काहीतरी लांबलचक म्हणतात. दिसायला बेसिनवरच्या आरशाएवढा. त्याच्यासमोर दोन सेकंद उभं राहायचं, की खाली आकडा येतो, शून्य ते शंभर. चाळीसच्या वर गेला तर दार उघडत नाही. घरी जा, झोपा, पगार चालू. कुणाला विचारायचं नाही, कुणाची मनधरणी करायची नाही. कुठंतरी तीस तास जागलेल्या डॉक्टरच्या हातून एक बाळ गेलं, केवढा गदारोळ झाला, आणि त्यातून विश्रांतीचा हा नियम आला. ड्रायव्हर, नर्सा, क्रेनवाले, सगळ्यांना लागू झाला. चांगला नियम आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

आरसा बघतो काय, तर डोळ्यांखालची कातडी. आख्ख्या अंगात तिच्याइतकी पातळ कातडी दुसरीकडं नाही, अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. तिच्याखाली केसाएवढ्या शिरांचं जाळं. माणूस दमला, झोप झाली नाही, की त्या शिरा सैलावतात, रक्त तिथं रेंगाळतं. रेंगाळलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो आणि ते काळपट होतं. पातळ कातडीतून ते निळसर दिसतं. तेच काळं वर्तुळ. आपल्या डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी ते आरशाला दिसतं, कारण तो कातडीच्या आत शिरणारा प्रकाश टाकतो. जन्मजात काळेपणा कुठला, ॲलर्जीचा कुठला आणि थकव्याचा कुठला हेही त्याला वेगळं काढता येतं. मेकअपनं तो फसत नाही. गोळी खाऊन फसत नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं करून बघितलं आणि मग मुकाट्यानं विश्वास ठेवायला लागले.

माझा आकडा पहिल्या दिवशी आला अकरा. दुसऱ्या दिवशी अकरा. सलग दोन पाळ्या करून, पाय सुजवून त्याच्यासमोर उभी राहिले तरी अकरा.

"काय खाता हो त्रिशलाताई?" ड्युटी लावणारे कुपवाडे सर पहिल्यांदा कौतुकानं म्हणाले होते. माणूस वाईट नाही, नियमातला माणूस. रोज सकाळी त्यांच्याकडं यादी असायची: अमकी बेचाळीस, तमका सत्तेचाळीस, दोघं परत गेले. मग त्यांची मान माझ्याकडं वळायची.

"सर, काल मी सोळा तास होते. माझ्यानं उभं राहवत नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असेल ओ. पण अकरा आहे. अकराला मी रजा कशी देऊ? माझ्यावर येतंय ते."

पूर्वी दमलेल्या माणसाला 'मी दमलोय' एवढं म्हणता यायचं. कुणी ऐकायचं, कुणी नाही, पण म्हणायची सोय होती. आरसा आल्यावर ते वाक्यच बाद झालं. आकडा असताना वाक्य कशाला?

आता हे अकरा आले कुठून ते सांगते, आणि इथं माझी चूक आहे.

आमच्या घराण्यात सगळ्यांच्याच डोळ्यांखाली काळं. जन्मतःच. माझ्या आत्याला त्यापायी तीन ठिकाणांहून नकार आला. 'मुलगी आजारी वाटती' म्हणे. आत्या धडधाकट, दोन घागरी कडेवर घेऊन जिना चढायची. माझ्याही वाट्याला तेच चेहरे आले. पोहे खायचे, माझ्याकडं बघायचे, आणि माझ्या वडिलांना, आण्णांना, बाजूला घेऊन विचारायचे, "रक्त कमी आहे काय?" शेवटी श्रेणिकचं स्थळ आलं. तो आयटीआयला शिकवतो. त्यानं होकार दिला, पण सासूबाई बोलता बोलता म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे, जरा झोपत जा म्हणावं. आणि हे हल्ली नितळ-बितळ करतात तसलं आमच्यात नको हं. जे आहे ते खरं असावं."

नितळ म्हणजे काय ते तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. डोळ्यांखाली सुईनं जेलचे बारीक थेंब सोडायचे आणि वरून निळा दिवा धरायचा. निळ्या उजेडात जेलचे धागे एकमेकांत गुंततात आणि शिरांभोवती जाळी तयार होते. जाळी शिरा सैलावू देत नाही, त्यामुळं रक्त रेंगाळत नाही. आधीचा साचलेला काळेपणाही ती हळूहळू शोषून घेते. असलेलं जातं आणि नवीन येत नाही. वर्षभरात शरीर ते धागे तोडून टाकतं, मग हवं तर पुन्हा करायचं. फार साधं काम, वीस मिनिटांचं.

म्हटलं, लग्नाच्या फोटोंपुरतं करू. वर्षानं जाईल तेव्हा म्हणू, सासरी झोप होत नाही. तेवढी थट्टा चालली असती.

लग्नसराईमुळं क्लिनिकात वेळ मिळेना. मिळाली ती नेमकी हळदीच्या दिवशी, दुपारी तीनची. हळद लागलेल्या नवरीनं उंबऱ्याबाहेर जायचं नसतं. पण ब्लाउजचं माप चुकलंय असं सांगून मी ओढणी तोंडावर घेतली आणि सटकले. जाण्याआधी चेहरा साबणानं तीनदा धुतला. क्लिनिकात एक परप्रांतीय पोरगी होती, तिनं फॉर्म वाचला: आज चेहऱ्याला क्रीम, पावडर, तेल, औषध, काही लावलंय का?

मी म्हटलं, काही नाही.

आणि देवाशपथ सांगते, मला तेव्हा वाटलंही नाही की मी खोटं बोलतेय. हळद ही काय 'लावायची' गोष्ट आहे? आण्णांची हळद पॉलिश करायची गिरणी. आमच्या घरात चादरी पिवळ्या, नखं पिवळी, शाळेच्या वह्यांच्या कडा पिवळ्या. भरलेल्या ताटातल्या मिठाला कुणी पदार्थ म्हणत नाही, तशी आमच्याकडं हळद. सकाळी पाच सवाष्णींनी माझ्या गालांना, कपाळाला, डोळ्यांखाली चांगली दाबून दाबून चोळली होती. वरची धुतली गेली. कातडीत मुरलेली तिथंच राहिली. त्या पोरीनं निळा दिवा लावला.

लग्नात मी फार सुंदर दिसले. सगळे म्हणाले, हळद चढली हो पोरीला.

वर्ष गेलं, दोन गेली, काळं काही परत आलं नाही. मी खूश. मला वाटलं, सासर मानवलं.

मग आरसा आला. त्याच्याबरोबर एक ऑनलाइन फॉर्म आला: आपण कधी नितळ उपचार घेतला आहे का? घेतला असेल तर तुमचा थकवा दुसऱ्या तऱ्हेनं तपासू, रक्त घेऊन, डॉक्टरांकडून. श्रेणिक शेजारीच बसला होता, माझ्या लॅपटॉपवर तोच टाइप करत होता. त्यानं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं न बघताच 'नाही'वर टिचकी मारली. "हे आपल्याला लागू नाही," म्हणाला. मी चहा पीत होते. पीतच राहिले.

तेव्हा बोलले असते तर आज ही गोष्ट सांगायला लागली नसती.

सहा महिन्यांत आरसा मोबाईलमध्ये आला. घराघरांत शिरला. आमच्याकडं तर त्याचं देवघर झालं. सासूबाईंना भारी हौस. संध्याकाळी सगळ्यांना ओळीनं उभं करायच्या. आमच्यात सूर्यास्ताच्या आत जेवायचं, त्यामुळं मी पाळीवरून पाच वाजता धावत यायची, चप्पल काढते न काढते तोवर मोबाईल तोंडासमोर.

"श्रेणिक, चव्वेचाळीस. जा बाबा, पड जरा. मी अडतीस. त्रिशला," आणि मग हसून, "हिचं काय विचारायचं. अकरा. जा गं बाई, कणीक मळून ठेवलीय, तेवढ्या चपात्या उरक."

त्यात दुष्टावा नव्हता, हेच तर दुखणं आहे. दुष्टावा असता तर भांडले असते, मी तोंडानं काही कमी नाही. पण त्या घरात कामं अगदी न्यायानं वाटली जायची. ज्याचा आकडा कमी त्यानं जास्त करायचं. मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं करायला अकरावाली. नणंद सुप्रिया बाळंतपणाला आली, तेव्हा बाळाला पहाटेपर्यंत खांद्यावर घेऊन फिरायला अकरावाली. एकदा मी मोरीतच भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, "श्रेणिक, मला नोकरी सोडू दे. मला झोप पाहिजे. मी मरेन."

त्यानं खरोखर काळजीनं मोबाईल काढला, माझ्यासमोर धरला. अकरा. त्याचा चेहरा बदलला. "हे बघ, काम आवडत नसेल तर तसं सांग. घरच्यांचं करणं नको असेल तर तेही सांग. पण दमल्याची नाटकं करू नकोस."

नवऱ्यानं थोबाडीत मारलेली बाई निदान गाल दाखवू शकते. मी काय दाखवणार?

डॉ. हसबनीस आमच्या भूलतज्ज्ञ. साठीला आलेल्या, तोंडानं तिखट, आणि माझ्यावर जीव. गेल्या श्रावणात एका गाठीचं ऑपरेशन चाललं होतं. गाठीच्या कडा नीट दिसाव्यात म्हणून पेशंटला एक औषध देतात आणि दिवे मालवून निळा उजेड टाकतात. गाठ तेवढी चमकते. थिएटर अंधारलं, निळा दिवा लागला. मॅडम दारातून आत आल्या आणि तिथंच थांबल्या.

"त्रिशला, डोळ्यांखाली काय लावलंयस?"

"काही नाही मॅडम."

"पिवळं चमकतंय तिथं. अर्धचंद्र काढल्यासारखं."

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं, खिशातला छोटा निळा टॉर्च माझ्या चेहऱ्यावर धरला आणि मोबाईलनं फोटो काढून माझ्या हातात दिला. मास्कच्या वर, दोन्ही डोळ्यांखाली, ताज्या हळदीचा रंग. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणालातरी सगळं सांगितलं.

मॅडमनी टॉर्च खिशात ठेवला. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हळदीतला जो पिवळा पदार्थ आहे, तो नेमका निळा प्रकाश शोषून घेतो आणि आजूबाजूच्या गोष्टींना देऊन टाकतो. दिव्यानं जेलचे धागे एकदा गुंतायचे, ते माझ्या कातडीत मुरलेल्या हळदीमुळं दसपट गुंतले, आणि हळदही त्यातच अडकली. शरीराकडं धागे तोडायची जी कात्री असते, तिची पाती त्या गाठींत शिरतच नाहीत. "कंपनीनं सगळ्या क्रीमांवर तपासलं असणार," मॅडम म्हणाल्या. "जिथं हे तयार झालं तिथं नवरीला हळद लावत नाहीत. कुणाच्या डोक्यात येणार?"

"मग हे निघेल कधी?"

"निघणार नाही बाळ. कातडीसकट कापलं तरच. आणि तिथली कातडी कापली तर तो व्रण आरसा वाचणार नाही, म्हणजे तू कुठल्याच दारातून आत जाणार नाहीस."

तरीही मी क्लिनिकात गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझा जुना फॉर्म पडद्यावर आणला. 'चेहऱ्याला काही लावले आहे का: नाही.' खाली माझी सही. "तुम्हीच लिहून दिलंय," ते म्हणाले. आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर पण 'नाही'. दोन 'नाही'च्या मधे मी, इकडं हलायला जागा नाही आणि तिकडंही. घरी सांगावं तर सहा वर्षांचं खोटं. मी तोंड शिवून घेतलं. उद्या सांगू, परवा सांगू करत पाच महिने काढले.

तो मंगळवार होता, सकाळचे अकरा-साडेअकरा. सुलभा कदम, वय बावन्न, पित्ताशयाचे खडे. तासाभराचं काम. आत नेताना त्यांनी माझा हात धरला होता. "ताई, जागं करशीला न्हवं मला?" मी म्हटलं, "मी इथंच बसलेली असते मावशी. उठल्यावर पहिला चेहरा माझाच दिसेल."

मला डुलकी लागली असं म्हणता येणार नाही. डुलकी येते तेव्हा कळतं तरी. माझे डोळे उघडे होते म्हणे. सर्जन म्हणाले, मला वाटलं पडद्याकडं बघतायत. मला फक्त एवढं आठवतं की मी पडद्यावरची हिरवी रेघ बघत होते, आणि मग मॅडमचा कोपर माझ्या खांद्यावर आदळला आणि आख्खं थिएटर बोंबलत होतं. नळी जोडापाशी सुटली होती. ऑक्सिजन एकाहत्तर. मॅडम शेजारच्या थिएटरातून पळत आल्या होत्या. त्यांनी नळी बसवली, हातानं श्वास दिला. चौऱ्याहत्तर. ऐंशी. ब्याण्णव. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

सुलभा कदम वाचल्या. संध्याकाळी त्यांनी चहा मागितला, नवऱ्याला नावानं हाक मारली, मेंदूला काही झालं नव्हतं. मी खाटेपाशी गेले तर माझाच हात धरून म्हणाल्या, "तुझाच चेहरा दिसला गं पहिला." मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले. माझ्याच हातून त्या जात होत्या, आणि मला आशीर्वाद देत होत्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कुपवाडे सरांच्या खोलीत चौकशी. सर, मॅडम आणि मी. सरांनी फॉर्म पुढं सरकवला. घटनेच्या कारणासाठी तीन रकाने होते: थकवा, यंत्रबिघाड, हलगर्जीपणा.

"यंत्रं तपासली, चोख आहेत," सर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, फॉर्मकडंच बघत होते. "थकव्याचा रकाना बंद आहे. काल सकाळी तुम्ही अकरा होता. चाळीसच्या खाली तो भरताच येत नाही, कॉम्प्युटर घेत नाही. त्यामुळं..."

"त्यामुळं मी जाणूनबुजून त्या बाईकडं बघितलं नाही," मी म्हटलं.

"मी तसं म्हणत नाही हो."

"फॉर्म म्हणतोय की."

मॅडमनी टेबलावर टॉर्च ठेवला आणि नितळचं, हळदीचं सगळं सरांना सांगितलं. "कुपवाडे, ही केस इथं संपत नाही. हा नियम चालवणाऱ्या मंडळाकडं मी अर्ज लिहिते. फोटो आहेत. डोळ्याखालचा कणभर तुकडा तपासायला देऊ. त्रिशला, तू जिंकशील. आणि तुझ्यासारख्या आणखी असतील, हळदीच्या अंगानं जाऊन बसलेल्या. त्यांचंही होईल."

"किती दिवस लागतील?"

"चार महिने. सहा धर."

"आणि तोवर?"

मॅडमनी सरांकडं बघितलं. उत्तर त्यांनीच दिलं. "तोवर नियमानं तुम्ही कामाला योग्य. फॉर्मवरचं 'नाही' बदलून रक्त तपासायचं, तर तेही मंडळानं मानल्यावरच. अर्ज चालू असताना काढता येत नाही आणि रजाही देता येत नाही. राजीनामा दिला तरी तीन महिन्यांची नोटीस आहे. माणसंच नाहीत ओ. उद्या तर सकाळी तीन सिझेरियन आहेत, आणि दोघी आजच पंचेचाळीसवर गेल्यात."

"म्हणजे उद्या त्या खुर्चीवर मी."

कुपवाडे सरांनी टेबलावरचा फॉर्म उगाच सरळ केला.

"मॅडम, तुम्ही मला उद्याची सुट्टी देऊ शकता?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला तसा अधिकारच नाही राहिला."

"आणि मी हलगर्जीपणा मान्य केला तर?"

"तर आत्ता, या क्षणापासून थिएटर बंद," कुपवाडे सर म्हणाले. "परवाना रद्द. कायमचा. पुन्हा कुठल्याच हॉस्पिटलात भूल विभागात... आणि तुम्ही एकदा हे मान्य केलंत की मॅडमचा अर्ज कोण वाचणार?"

"त्रिशला, वेडेपणा करू नकोस," मॅडम म्हणाल्या. "तू निष्काळजी नाहीस. चौदा वर्षांत मी तुझ्यासारखी दुसरी बघितली नाही. हे खोटं आहे."

मला हसू आलं. दोन खोट्या गोष्टी मी माझ्या सोयीसाठी लिहून दिल्या होत्या, त्या सगळ्यांनी मानल्या. खरं सांगायला बसले तर सहा महिने लागणार, आणि त्या सहा महिन्यांत रोज कुणीतरी माझा हात धरून विचारणार, जागं कराल ना? मला लढायचं होतं हो. नाव पुसलं जाणार, हात कायमचे रिकामे होणार, याचं काळीज फाटेल इतकं दुःख झालं. पण मला माहीत होतं की मी पुन्हा डोळे उघडे ठेवून झोपणार आहे. ते फक्त मलाच माहीत होतं. दुसऱ्या कुणाला ते कळायची सोय राहिलेली नव्हती.

मी तिसऱ्या रकान्यात खूण केली आणि सही केली. कुपवाडे सर उठून उभे राहिले. मॅडमनी तो छोटा टॉर्च माझ्या पर्समध्ये टाकला आणि तोंड फिरवून खिडकीकडं गेल्या.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हॉस्पिटलचा मेसेज माझ्या आधी पोचला होता. घरचा नंबर म्हणून मी श्रेणिकचाच दिलेला. तो आयटीआयमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. तो पलंगाच्या कडेला बसला होता, हातात मोबाईल.

"हलगर्जीपणा?" तो म्हणाला. "पेशंट मरायला टेकला आणि तू बघत बसलीस? तू? आणि सहीसुद्धा केलीस?"

मी चप्पल न काढताच खिडकीचा पडदा ओढला, टॉर्च त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "माझ्या डोळ्यांखाली धर."

त्यानं धरला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, निळा उजेड डोळ्यांत जात होता. मी तशीच उभी राहून सगळं सांगितलं. आत्याचे नकार, ब्लाउजचं माप, ती परप्रांतीय पोरगी, त्याच्या शेजारी बसून प्यायलेला चहा. एक शब्द गाळला नाही. टॉर्च हळूहळू खाली गेला.

"म्हणजे तो आकडा..."

"खोटा. पहिल्या दिवसापासून."

त्यानं टॉर्च बंद केला. मी पलंगावर आडवी झाले, साडीसकट. तो रागावेल, नितळचं विचारेल, आईला काय सांगू म्हणेल, असं मला वाटलं होतं. त्यानं त्यातलं काही विचारलं नाही.

"बाबांच्या आजारपणात?" तो म्हणाला. "त्या पाच महिन्यांत पण तू..."

"हो."

"रोज?"

"रोज."

"सुप्रियाचं बाळ घेऊन फिरायचीस, तेव्हा?"

"हो."

"कोल्हापूरहून येताना तू गाडी चालवलीस. मी मागं झोपलो होतो."

"हो. दोनदा रस्ता दिसेनासा झाला."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. उशी फार गार होती.

"मी नाटकं म्हटलं होतं तुला. त्या दिवशी मोरीत."

"हो."

"त्रिशला, तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की," मी म्हटलं.

त्यानंतरही त्यानं काहीतरी विचारलं. काय ते मला माहीत नाही, मला झोप लागली होती.